निळं पिल्लू का निघत नाही

"सरका, सरका, टरफल हललं!" शिंपी ओरडला, आणि आमच्या पुढच्या खोलीत माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढायचीच काय ती बाकी राहिली. टेबलावरच्या, उबेसाठी बल्ब लावलेल्या काचेच्या पेटीत बटेर पक्ष्याचं ठिपकेदार अंडं तडकलं आणि आतून अंगठ्याएवढं ओलं पिल्लू धडपडत बाहेर पडलं. गुलाबी!

"बाजारातली रंगवलेली पिल्लं आम्हीही पाहिलीत," शिंप्यानं सगळ्यांना ऐकवलं. "पण हे रंग घेऊनच जन्माला आलंय. अंड्यात शिरून कोण रंगवणार?"

पेटीमागच्या खुर्चीत माझी धाकटी जाऊ डोळे अर्धवट मिटून बसली होती. "मी कोण? मी नुसती ओंजळ," ती म्हणाली. "गुलाबी निघालं, म्हणजे दुखणं रक्तातलं. हिरवं निघालं तर पोटातलं. टरफल कुटून मधातून घ्या. औषध मात्र बंद. देवाचं न् डॉक्टरचं एका पोटात पटत नाही."

"आणि निळं निघालं तर?" कुणीतरी विचारलं.

"निळा रंग देवानं स्वतःसाठी राखून ठेवलाय."

सगळ्यांनी हात जोडले. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी. पक्षी माझे, उबवणीचं मशीन माझं, अंडी फिरवून फिरवून बोटं दुखायची तीही माझी. उबवणी अर्ध्यावर आली की धाकटी येऊन थोडी अंडी उचलायची. "ताई, ही मी देवाजवळ ठेवते हं." पुढं माझ्या मशीनमधून नेहमीची पिवळी पिल्लं निघायची आणि तिच्या पेटीतून गुलाबी नाहीतर हिरवी. मोठी होताना त्यांना पांढरी पिसं फुटायची, तेव्हा ती म्हणायची, "रंग आला तिथं परत गेला."

माझा नुसता जळफळाट होत होता. पहाटे देवापुढे बसायचा नेम मी अंगात ताप असतानाही मोडलेला नाही. हिला साधा दिवा लावायची आठवण करून द्यावी लागते. आणि देव प्रसन्न कुणावर झाला? एका पहाटे मी जप थांबवून देवालाच विचारलं, "माझा पत्ता हरवला होता का?"

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण सासूबाईंनी इन्सुलिन बंद केलं. इतकी वर्षं त्यांना रोज इंजेक्शन मी देत आले. आता माझा हात झटकून त्या म्हणाल्या, "थोरले, पुरे झालं तुझं टोचणं. धाकटीच्या हाताला बघ कसा गुण आहे." त्यांच्या पायाला छोटी जखम होती, ती चिघळली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "असंच चाललं तर पाय कापावा लागेल."

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की इन्सुलिन बंद असूनही सुया कमी होताहेत. मग एक दिवस केर भरताना धाकटीच्या टोपलीत एक सुई सापडली. टोकाला निळा रंग.

निळा? हिच्याकडे निळं पिल्लू तर कधीच निघालं नव्हतं. मी तिथंच केरात बसले. मग स्वयंपाकघरातून केकचा निळा रंग आणला आणि एका पिवळ्या पिल्लाच्या लवेवर थेंबभर लावला. लव हिरवी झाली!

दुपारी धाकटीच्या पेटीतली अंडी टॉर्चपुढे धरली. निमुळत्या टोकाला, बरोबर एका गडद ठिपक्यात, सुईचं भोक होतं, मेणानं बुजवलेलं. ठिपक्यांच्या अंड्यावर ते कुणाला दिसणार?

मी धावत सासूबाईंकडे गेले, सुई दाखवली. त्यांनी मान फिरवली. "जळतेस तू तिच्यावर. सगळ्या घराला दिसतंय."

काय बोलणार? जळत तर मी होतेच. माझ्या हेव्यानं माझं खरंही खोटं ठरवलं.

"बरं, जळते," मी म्हटलं. "तुम्ही रंग सांगा. मी काढून दाखवते."

"केशरी," त्या तोऱ्यात म्हणाल्या.

आठवडाभर मी त्यांच्या पायाची पट्टी बदलत राहिले आणि मशीनकडे बघत राहिले. मग एका सकाळी, भरल्या खोलीत, माझ्या अंड्यातून केशरी पिल्लू निघालं.

"थोरलीलाही पावला!" शिंप्यानं हात जोडले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हे कसं झालं ते त्या खोलीत माझ्याखेरीज एकट्या धाकटीला ठाऊक होतं, आणि तिला तोंड उघडायची सोय नव्हती. तिचा उतरलेला चेहरा बघून मला जे गोड वाटलं, ते कुठल्याच उपासानंतरच्या घासाला वाटलेलं नाही. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तळहात पुढे केला. "दे टरफल. आता तुझ्याच हातचं घेईन."

त्या तळहाताकडे बघून मी भानावर आले. मी टरफल केरात टाकलं आणि टेबलावर सुई, रंगाची बाटली, मेणबत्ती मांडली.

"देव नाही पावला. असं टोचलं, थेंब सोडला, मेण लावलं. झालं."

"पण वहिनी, तुमच्या हातात काहीतरी शक्ती असणारच," शिंपी चाचरत म्हणाला.

"मग तुम्ही टोचा."

जन्मभर सुई धरलेला माणूस तो. पहिल्याच अंड्याला त्याला जमलं. आपल्या हाताकडे बघत तो खाली बसला. मागं कुणीतरी हसलं, "आता याच्याही पाया पडायचं का रे?"

धाकटी फुटली. "मशीन तुमचं, आई तुमच्या, सगळ्यांच्या तोंडी थोरली, थोरली! मला या घरात कोण विचारत होतं?"

म्हणजे तीही जळतच होती. "अगं, मग माझ्याशी भांडायचंस," मी म्हटलं. "त्यांच्या औषधावर का उठलीस?"

सासूबाईंनी पायाच्या पट्टीवरून हात फिरवला. मग आम्हा दोघींकडेही न बघता त्यांनी दंड पुढे केला. "दे."

पाय वाचला. दोन बोटं मात्र गेली.

मी देव मानते, आणि उद्या पहाटेही नेमाला बसेन. पण कुणी चमत्कार दाखवून औषध सोडा म्हणालं, तर हात जोडण्याआधी ती वस्तू हातात मागून घ्या. उलटून बघा. कसं केलं ते विचारा. सांगणारी बाई जळकी असली तरी तिनं दाखवलेलं भोक स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. आणि विचारल्यावर समोरचा चिडला, तर तिथून उठा आणि सरळ डॉक्टरकडे जा.