चिठ्ठीवरचं नाव

पतंगाची सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती आणि भिंगाखाली मल्हारी तिचे वेढे पुन्हा पुन्हा पाहत होता... खरं तर पाहण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, पंख ताणून वाळले होते, टाचणी पाठीतून सरळ गेली होती, राहिली होती ती फक्त टाचणीला खाली लावायची चिठ्ठी. ठिकाण, तारीख, संग्राहक. चिठ्ठीशिवाय पतंग म्हणजे नुसता केर, असं प्राणिशास्त्राचे आठल्ये सर दरवर्षी पोरांना सांगायचे.

मागच्या रविवारी हा मखमलाबादला रंगूबाई माळणीच्या अबोलीवर भरदुपारी हवेत उभा होता. सुट्टीच्या दिवशी जाळं घेऊन हिंडायची मल्हारीची खोड तिला ठाऊक. "मल्हारीभाऊ, हे पाखरू बघा बरं, बसतच नाय कुठं," ती फुलं खुडता खुडता म्हणाली, आणि त्यानं जाळं सरसावलं — पाखरू कसलं, पतंग, आणि मागचे पंख सबंध नारिंगी! कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काचा पुसताना असा एकही त्यानं पाहिला नव्हता.

सरांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "आपल्याकडचाच आहे रे. कुठल्याही बागेत मिळेल." मग मल्हारी तीन दिवस मधल्या सुट्टीत डबा न उघडता कपाटातला जाडजूड ग्रंथ घेऊन बसला, मॅट्रिकच्या इंग्रजीनं एकेक ओळ पोखरत, आणि चौथ्या दिवशी त्यानं सरांपुढे कागद ठेवला — आपल्याकडच्यांच्या मागच्या पंखांवर पिवळा पट्टा असतो, याला तो नाही, हा उत्तरेकडचा, थंडीत क्वचित इतका खाली येतो, जिल्ह्यात नोंद सापडत नाही. सरांनी चष्मा काढून कागद दोनदा वाचला. त्या दोनदा वाचण्यावरच मल्हारी तरंगत घरी गेला आणि बायकोला, विमलाबाईला, सांगून बसला की अशा नोंदी छापणाऱ्या मुंबईच्या मासिकात आपलं नाव येणार. तिनं ते कॉलनीभर केलं. विहारात वंदना झाल्यावर दोघातिघांनी जय भीम करून कौतुकानं विचारलंसुद्धा... मूर्ख. माणसानं इतकं मूर्ख असू नये.

कारण आज सकाळी सर म्हणाले, "मल्हारी, चिठ्ठी तूच लिही. संग्राहक म्हणून माझं नाव घाल, आणि ठिकाण कॉलेजचं आवार."

"सर, पण मखमलाबादला..."

"तिथं कोण गेलं होतं म्हणून विचारतील. शिपायाचं नाव कोण छापणार आहे?"

सर रागावले नव्हते, तेच वाईट. दार लोटून घे म्हणावं तसं म्हणाले.

टाक शाईत बुडवताना मनात एकामागून एक येत होतं — खरं तेच लिहावं, नोकरी कायम आहे, काढून तर टाकत नाहीत... पण गोपनीय अहवाल सरच लिहितात. आणि आवारात अबोलीचं एक रोपसुद्धा नाही. उद्या कुणी या पतंगाच्या मागावर आलाच तर बिचारा सायकल स्टँडपाशी उभा राहील. माझं जाऊ दे, पण निदान त्याचं ठिकाण तरी... आणि माझं तरी का जाऊ द्यायचं? मी का जाऊ द्यायचं?

हात मात्र थांबला नव्हता. तांदळाच्या कणीएवढी अक्षरं अख्ख्या विभागात त्यालाच जमत. आवार. डिसेंबर १९७८. सरांचं नाव, पदवीसकट.

सर मागून येऊन वाकले. "वा! छापल्यासारखं अक्षर आहे रे तुझं. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

आणि मल्हारीला बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, तोंडावर हसू आलं, दाबलं तरी जाईना... सर निघून गेले तरी तो तसाच हसऱ्या तोंडानं बसून राहिला, आणि त्याला स्वतःची शिसारी आली. सरांवरचा राग त्याला जन्मभर पुरला असता. या बरं वाटण्याचं काय करायचं, ते त्याला कळेना.