चार पट्ट्यांची बाजरी

शेतकी खात्यात कामदार, म्हणजे गावोगाव फिरून शेती शिकवणारा, म्हणून लागलो तेव्हा वाटायचं, आपण शेतकऱ्याला शहाणं करणार. अठरा वर्षं सायकल हाणल्यावर आता एवढंच कळतं, की गुडघे दुखतात. चोपडा तालुक्यातली चौदा गावं माझ्या एकट्याच्या गळ्यात होती.

त्यातलं तापीकाठचं एक गाव म्हणजे निव्वळ रेती. तिथे अमोनियाचं पांढरं खत टाकलं, की पहिल्या मोठ्या सरीबरोबर ते खाली गडप. नुसतं शेणखत घातलं तर जमीन ओल धरते, पण बाजरी पिवळीच राहते. दोन्ही मिळून दिलं तर मात्र शेणखत त्या पांढऱ्या खताला धरून ठेवतं. पण कामदाराच्या तोंडच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून तिथल्या चुडामण नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात मी चार पट्टे आखले. एक कोरा, एकात शेणखत, एकात पांढरं खत, चौथ्यात दोन्ही. दोन वर्षं चौथ्या पट्ट्यातली बाजरी डोक्याच्या वर गेली आणि कोऱ्यातली गुडघ्याशीच खुंटली. चुडामण येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ती दाखवायचा.

लढाईच्या दिवसांत पांढरं खत मोजकंच येई आणि सगळं काळ्या जमिनीच्या गावांना जाई. खात्याच्या साहेबांनी शब्द दिला होता, की तिसऱ्या वर्षी स्वतः येऊन बघेन. फरक दिसला तर रेताड गावांनाही खताचा वाटा देईन. सगळं गाव त्या शब्दावर डोळे लावून बसलं होतं.

तिसऱ्या वर्षी ऐन पेरणीत चुडामणला हिवतापाने पाडलं. खत टाकताना मी उभं राहायला हवं होतं. पण मी थकलो होतो. खुंट्या ठोकल्या, त्याच्या आईला, भागाबाईंना, कुठे काय टाकायचं ते समजावलं आणि घरी जाऊन झोपलो. दुसऱ्या कोणाच्या माथी खापर फोडायची सोय नाही. पुढे दोनदा बांधावरून गेलो, तेव्हा कोरा पट्टा जरा जास्तच हिरवा वाटला. पाऊस बरा झालाय, अशी मीच माझी समजूत घातली.

काढणीला साहेब आले. चारही पट्टे कंबरेएवढे, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

"यात फरक कुठे आहे?" साहेब म्हणाले.

मी भागाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, खत कसं टाकलं?"

"बठ्ठासले सारखं दिधं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पंगतमा एकनं पान कोरडं ठेवतस का? चारी पट्टा एकच वावरना शेतस. एकले उपाशी ठेवाले मन्हा हात उना नही."

आमच्याकडे पंक्तिप्रपंच करणाऱ्याच्या घरी कोणी पाणी पीत नाही. त्या बाईंनी दुखऱ्या कमरेने शेणखताची एकेक पाटी वाहून चौघांना वाढली होती, आणि पांढरं खतही सुपाने मोजून. मला राग आला, तो माझाच.

मी साहेबांना खरं ते सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं.

"मग आधीची दोन वर्षं तरी खरी कशावरून?" एवढं म्हणून ते मोटारीत बसले.

संध्याकाळी चुडामणच्या ओट्यावर गेलो. तापाने तो निम्मा झाला होता. आत भागाबाई माझ्यासाठी भाकरी थापत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, की साहेबाने चारी पट्टे पाहिले, एकालाही नाव ठेवलं नाही.

"खतना कितला पोता भेटतीन?" चुडामणने विचारलं.

"एकही नाही," मी म्हणालो, आणि झालेलं सगळं सांगितलं.

आतल्या आवाजाकडे कान देत तो हळूच म्हणाला, "मायले काही सांगू नका, भाऊसाहेब."

भागाबाईंनी ताट आणून ठेवलं. आम्ही दोघंही जेवायला बसलो.