माचालाचा विद्यार्थी

संध्याकाळी सहा वाजता कोमल महाजन वरच्या खोलीचं दार ओढून घ्यायची, कूलर बंद करायची आणि घाम पुसत लॅपटॉपसमोर बसायची. शेजारच्या पॉवरलूमची खटखट माइकमध्ये जायचीच. त्यात कूलरची घरघर मिसळून विद्यार्थ्यांचे कान किटवण्यात अर्थ नव्हता. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. बुऱ्हाणपुरात भिंतींना हात लावला तरी चटका बसत होता.

इंदूरच्या एका संस्थेने परदेशातल्या मोठ्या माणसांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी इंग्रजी वर्ग काढला होता. रोज तीन तास, आठवड्यातून पाच दिवस, सगळं ऑनलाइन. कोमल एरवी गावातल्या एका खासगी शाळेत आठवी-नववीला शिकवायची. ती स्वतः दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. पुढे इंग्रजीत एम.ए. केलं, तरी बोलण्याआधी मनातल्या मनात वाक्य मांडून पाहायची सवय काही सुटली नव्हती. या कामासाठी निवड झाली तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. जगाच्या चार कोपऱ्यांतली नऊ माणसं आपल्याकडून इंग्रजी शिकणार, आणि त्यातल्या एखाद्याने उद्या म्हटलं, की बाई, तुमचंच इंग्रजी कच्चं आहे, तर?

तसं कुणी म्हटलं नाही. व्हिएतनामची लान नावाची नर्स होती. तिला ऑस्ट्रेलियात नोकरीला जायचं होतं, त्यामुळे ती दर पाच मिनिटांनी शंका विचारायची. मंगोलियाचा एक ट्रकवाला होता, तो स्वतःच्या चुकांवर स्वतःच हसायचा. बाकीचेही हळूहळू बोलायला लागले. बोलत नव्हता तो एकच, इक्वेडोरचा सेगुंदो.

सेगुंदो त्रेसष्ट वर्षांचा होता. माचाला नावाच्या गावाजवळ राहायचा. इथे संध्याकाळ व्हायची तेव्हा तिथे नुकती सकाळ झालेली असायची. रोज तो दाढी करून, केसांना पाणी लावून चापून-चोपून भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ, की मिशी आणि कपाळ एवढंच दिसे. त्याने प्रवेशाच्या फॉर्मवर कारण लिहिलं होतं, की मुलगी अमेरिकेत असते, तिची आठ वर्षांची लेक फक्त इंग्रजी बोलते, आणि ऑगस्टमध्ये ती आजोबांकडे राहायला येणार आहे. वाचून कोमलला त्याच्याविषयी माया वाटली होती. पण पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या तोंडून दोनच वाक्यं निघाली. एक 'यस, टीचर' आणि दुसरं 'सॉरी, टीचर'. त्यानंतर माइक बंद.

कोमलने परोपरीने प्रयत्न केले. सोपे प्रश्न विचारले, चित्रं दाखवली, वर्ग संपल्यावर त्याला एकट्याला थांबवून घेतलं. तो मान खाली घालायचा. लिहायला दिलं तर लिहायचा, तेही बऱ्यापैकी. बोलायची वेळ आली की माइककडे गेलेला हात मागे यायचा. त्याची ती गत कोमलला आपल्या जुन्या दिवसांवरून नीट ओळखीची होती. म्हणून ती रागावत नव्हती, पण दिवस मात्र भराभर चालले होते.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी तिचे वडील मधेच खोलीत आले. कौतिक महाजनांचं घर बुऱ्हाणपुरात असलं तरी शेती जवळच्या दापोऱ्याला. सगळी केळी. मोटरसायकलची किल्ली अडकवायचा खिळा वरच्या खोलीत, नेमका कोमलच्या पाठीमागे होता. रोज ते वर्ग संपेपर्यंत खाली थांबत. त्या दिवशी विसरले. डोक्याला गुंडाळलेला पंचा, पायजम्याला केळीच्या चिकाचे काळे डाग, अशा अवतारात ते पडद्यावर प्रकट झाले आणि किल्ली अडकवता अडकवता थबकले.

"कोमल, त्या मानसाच्या मागं केळी हाय का व?"

कोमलने पाहिलं. सेगुंदो पेन उचलायला खाली वाकला होता आणि त्याच्या मागची खिडकी उघडी पडली होती. खिडकीभर हिरवी पानं.

"आप्पा, क्लास चालू आहे," ती हळूच म्हणाली.

पण तोवर सेगुंदो वर आला होता. पडद्यावरचा पंचा गुंडाळलेला माणूस आपल्या खिडकीकडे बोट दाखवतोय हे त्याने पाहिलं. त्याने मागे वळून पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं आणि माइक सुरू केला.

"बनाना," तो म्हणाला. "माय बनाना."

"बनाना," आप्पांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. "माहीबी बनाना. त्याले विचार, कोनती जात हाय? किती बाय कितीवर लावली?"

कोमलने विचारलं. सेगुंदोने कपाळाला आठ्या घालून शब्द गोळा केले. जात सांगितली. दोन खांबांमधलं, म्हणजे दोन झाडांमधलं, अंतर सांगितलं. आप्पा म्हणाले, आमची जी-नाइन, अन् अंतर इतकंच. मग सेगुंदोने आपणहून विचारलं, पाणी कुठून? आप्पा म्हणाले, विहीर, ड्रिप. मग करप्याची गोष्ट निघाली, तर तो तिकडेही होता. सेगुंदोने लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला आणि एका पानावरचे तपकिरी पट्टे दाखवले. आप्पा पडद्याला नाक लावून बघत राहिले. लान वहीत 'लीफ डिसीज' लिहून घेत होती.

सात मिनिटं झाली होती. नंतर कोमलने मोजलं तर सेगुंदो अकरा वाक्यं बोलला होता. त्यातली दोनच बरोबर होती. उरलेली नऊ तिला जास्त आवडली.

दुसऱ्या दिवसापासून तो रिवाजच पडला. वर्गाच्या शेवटी दहा मिनिटं सेगुंदो 'मिस्टर कौतिक'साठी एक प्रश्न आणायचा आणि आप्पा पायऱ्यांवर बसून हाक यायची वाट पाहायचे. कोमलने त्यातूनच धडे काढले. भूतकाळ शिकवायचा तर, मी खड्डा खणला, मी रोप लावलं. तुलना शिकवायची तर, तुझा घड माझ्या घडापेक्षा मोठा. मंगोलियाच्या ट्रकवाल्याने आयुष्यात केळीचं झाड पाहिलं नव्हतं. तोही सेगुंदोला प्रश्न विचारू लागला, आणि सेगुंदो त्याला समजावून सांगू लागला. खाली स्वयंपाकघरात कोमलची आई, रंभाबाई, म्हणायची, "तुये आप्पा आजकाल वावरातून बराबर टायमावर येऊन राहिले. लगनानंतर कदी आले नव्हते."

आठवड्याभराने इंदूरहून ऋषिकेश सरांचा फोन आला. वर्गांवर देखरेख ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"कोमल मॅडम, रेकॉर्डिंग्ज पाहिली मी. वर्गात रोज एक बाहेरचे गृहस्थ दिसतात."

"माझे वडील आहेत, सर."

"आलं लक्षात. मला स्वतःला बघायला मजा आली, खरं सांगतो. पण नियम आहे. नाव नोंदवलेल्यांशिवाय वर्गात कुणी नको. वरून मला विचारतील."

कोमलने 'हो सर' म्हटलं. आप्पांना सांगताना तिला फार जड गेलं, पण ते सहज म्हणाले, "बराबर हाय. तुही नोकरी हाय, बेटा. त्यात माहं काय काम?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीत नवा खिळा ठोकून किल्ली तिथे अडकवली.

सेगुंदोने त्या संध्याकाळी विचारलं, मिस्टर कौतिक कुठे? कोमलने नियम सांगितला. "यस, टीचर," तो म्हणाला. मग हळूहळू त्याचा माइक पुन्हा बंद राहू लागला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला वादळ आलं. शहरात पत्रे उडाले, तारा तुटल्या, वर्ग रद्द करावा लागला. पाऊस म्हणावा तर नुसता शिडकावा, पण वाऱ्याने अर्ध्या तासात दापोऱ्याचा पट्टा झोपवला. कोमल आणि रंभाबाई ऑटो करून पोचल्या तेव्हा आप्पा बांधावर उभे होते. समोर केळीचे खांब कमरेतून मोडून एकाच दिशेला पडले होते. घड पंधरा दिवसांत कापणीला येणार होते. आप्पा एका आडव्या खांबाशी गेले, त्याचा घड दोन्ही हातांनी थोडा वर उचलला आणि चिखल लागू नये म्हणून खाली पान सारून त्यावर अलगद ठेवला. मग पुढच्या खांबाशी गेले. चार-पाच घडांनंतर रंभाबाईने त्यांचा हात धरला. "चला घरी," ती म्हणाली. ते निमूट चालू लागले.

रात्री ते जेवले नाहीत. बुधवारी सकाळी शेतात गेलेच नाहीत. अंगणातल्या बाजेवर बसून राहिले. भेटायला आलेल्यांशीही बोलले नाहीत.

संध्याकाळी वीज आली होती. कोमलने तोंड धुतलं, केस विंचरले आणि वर्ग सुरू केला. धडा होता सल्ला कसा द्यावा याचा. तिने दोन वाक्यं सांगितली असतील-नसतील, तोच सेगुंदोचा माइक सुरू झाला.

"टीचर, तुमचे डोळे. काय झालं?"

काही नाही म्हणायचं तिने ठरवलं होतं. पण त्या माणसाने आपणहून तोंड उघडलं होतं, आणि त्याला खोटं सांगणं तिला जमेना. तिने वादळाचं सांगितलं. सगळी केळी पडली, वडील बोलत नाहीत, इतकंच.

लानने पेन खाली ठेवलं. मग सेगुंदो म्हणाला, "प्लीज, मिस्टर कौतिकना बोलवा."

"सेगुंदो, नियम आहे. रेकॉर्डिंग होतंय."

"मी विद्यार्थी आहे. आज धडा सल्ल्याचा आहे. मला सल्ला द्यायचा आहे."

लानने मान डोलावली. कोमल क्षणभर त्या लाल ठिपक्याकडे, रेकॉर्डिंगच्या खुणेकडे बघत राहिली. मग उठली आणि खाली गेली.

"आप्पा, सेगुंदो तुम्हाला बोलावतोय."

"आज नको, बेटा."

"त्याने पाच आठवड्यांत माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलंय."

ते कण्हत उठले. खोलीत येऊन तिच्या खुर्चीवर बसले, तेव्हा सेगुंदो पडद्यापासून मागे सरकून ताठ बसला होता. पहिल्यांदाच त्याचा पूर्ण चेहरा, खांदे, मांडीवर ठेवलेले जाड हात दिसले. आणि तो बोलायला लागला. शब्द अडत होते, क्रियापदं भलतीकडे जात होती, पण तो थांबला नाही. कोमल एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

"वर्ष अठ्ठ्याण्णव. खूप पाऊस. नदी घरात आली. माझी केळी सगळी झोपली. एक उभी नाही. मी तीन दिवस जेवलो नाही. बायको रागावली. ती म्हणाली, तू वर काय बघतोस? खाली बघ. आई पडली. लेकरं उभी आहेत."

'लेकरं' म्हणताना त्याने तळहात जमिनीपासून वीतभर उंच धरला. कोमल अडखळली, पण आप्पांना तिच्या मदतीची गरज नव्हती.

"पिलं," ते म्हणाले. "पिलं म्हनून राहिला तो."

केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या त्या कोंबाला इंग्रजीत काय म्हणतात, ते कोमललाही माहीत नव्हतं. नंतर तिने शोधलं, तेव्हा सापडलेला 'सकर' हा शब्द तिला अगदीच कोरडा वाटला.

सेगुंदो सांगत होता. पडलेली आई उपटू नका. खालून कापा. तिचीच पानं लेकरांभोवती घाला, मुळांना ऊन लागणार नाही. एका खांबाजवळ एकच लेकरू ठेवा, सगळ्यात धट्टंकट्टं. आणि आज जेवा.

आप्पा ऐकत होते. मग कोमलकडे न बघता म्हणाले, "त्याले सांग, हे समदं मले मालूम हाय. चाळीस वरसं केळी करून राहिलो मी. पन कालपासून जो आला तो किती गेलं तेच विचारत होता. काय राह्यलं, ते यानंच सांगितलं."

कोमलने इंग्रजीत सांगितलं. एक वाक्य तिला दोनदा सांगावं लागलं, आणि या वेळी तिने ते मनात आधी मांडून पाहिलं नव्हतं.

वर्ग संपल्यावर तिने स्वतःच ऋषिकेश सरांना फोन लावला. नियम मोडला, मुद्दाम मोडला, असं सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे पाहुण्या वक्त्याचा एक फॉर्म असतो. आजवर कुणी भरलेला नाही. आत्ता पाठवतो. वडिलांची सही घ्या आणि आजचीच तारीख टाका."

आप्पांनी मराठीत सही केली. 'व्यवसाय' या रकान्यात कोमलने शेती लिहिलं, तर त्यांनी केळी लिहायला लावलं.

शेवटच्या तोंडी परीक्षेला परीक्षक बाहेरचा होता. त्याने सेगुंदोला छंदांविषयी विचारलं. मला छंद नाही, केळी आहेत, असं म्हणून सेगुंदो दोन मिनिटांच्या जागी सहा मिनिटं बोलला. व्याकरणात गुण बरेच कमी पडले, तरी जेमतेम एक पायरी वर चढला. ऑगस्टमध्ये त्याने पत्र पाठवलं. नात आली आहे, दिवसभर आपल्या चुका काढते, टीचरइतका धीर तिला नाही, पण दोघं रोज केळीत फिरतात.

त्याआधीच, वर्ग संपून लॅपटॉप कपाटात गेला तशी, कोमल जून संपता संपता आप्पांबरोबर दापोऱ्याला जाऊ लागली होती. शाळा उघडायला आठ दिवस होते. आप्पा विळ्याने खांब कापत पुढे जायचे, ती मागून वाळकी पानं ओढून पिलांभोवती अंथरायची. लहानपणानंतर शेतात वाकायची सवय राहिली नव्हती. तासाभरात कंबर धरली.

"आप्पा, हे बरोबर आहे का?"

त्यांनी वळून पाहिलं. तिने पान पिलाच्या डोक्यावरच टाकलं होतं. ते परत आले, पान बाजूला सरकवलं, पिलाचा हिरवा शेंडा मोकळा केला.

"बुडाशी टाक. त्याले वर यायचं हाय," ते म्हणाले, आणि पुढच्या खांबाकडे गेले.