शाद्लियामावशींचं मत

टॅब्लेटवर शाद्लियामावशींचं नाव उमटलं आणि त्यांचे यजमान लझरकाका मोठ्यानं हसले.

"हिला विचारणार? अगं पोरी, मेथीची जुडी घ्यायची झाली तरी ही मला विचारते. देशाचं काय सांगणार तुला?"

मावशी चुलीशी रोटीचं पीठ मळत होत्या. त्यांनी हात तसेच हवेत धरले आणि माझ्याकडे पाहिलं. चूक माझीच, की मी त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं, असं काहीसं त्या नजरेत होतं.

मी गफ्सा शहरातली, जौहरा. समाजशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली आमच्या भागात पैशाला पासरी आहेत. मला निदान हे काम मिळालं. राजधानी ट्युनिसमधल्या एका संस्थेसाठी मी गावोगाव लोकांची मतं विचारत फिरते. सरकारवर विश्वास आहे का, निवडणुकांनी काही साधतं का, बायकांना हक्क किती असावेत, देश सोडून जावंसं वाटतं का. मोरोक्कोपासून इराकपर्यंत सगळीकडे हेच प्रश्न, याच शब्दांत. घर चिठ्ठी टाकल्यासारखं निघतं, आणि घरातल्यांची नावं भरली की त्यातल्या कुणाला विचारायचं ते टॅब्लेट ठरवतो. त्यात माझं काही चालत नाही.

हन्शीर लहमर ही खाणकामगारांची वस्ती. लझरकाका खाणीतून निवृत्त झालेले. संपाच्या दिवसांत पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या, जुनं सरकार पडलं त्या क्रांतीच्या हिवाळ्यात चौकात भाषणं ठोकलेली. चहाच्या दुकानात त्यांची खुर्ची ठरलेली होती आणि ते बोलायला लागले की बाकीचे फासे खाली ठेवत. अशा माणसाला सोडून त्याच्या बायकोला प्रश्न विचारायचे म्हणजे त्याला झोंबणारच.

"काका, नियम आहे. आणि तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसावं लागेल. बोलणं रेकॉर्ड होतं."

"बसतो की. माझंच घर, बसतो बाहेर."

मावशी आत गेल्या आणि हात धुऊन, लग्नाकार्याची शाल पांघरून आल्या. माझ्यासमोर गुडघे जुळवून अशा बसल्या, की कुणी फोटोच काढणार आहे.

सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. "मला काय कळतं, बाई? अल्लाला ठाऊक." मग मी न्यायालयांवरच्या विश्वासाचं विचारलं आणि त्यांना हसू आलं.

"माझ्या भावाचा जमिनीचा दावा आहे. वडील गेले, मग त्यांचा वकील गेला. दावा तेवढा ठणठणीत आहे."

"म्हणजे विश्वास खूप, बऱ्यापैकी, थोडा, की अजिबात नाही?"

"अजिबात नाही लिही!" खिडकीतून काकांचा आवाज आला.

"काका!"

"अगं, मी शेळीला ओरडत होतो."

पण मावशींची कळी खुलली होती. देशासमोरचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, असं विचारल्यावर त्यांनी पाणी सांगितलं. मी यादी वाचून दाखवली, तिच्यात पाणी नव्हतं. "इतर" यावर बोट ठेवावं लागलं. त्या मला नळाला पाणी कधी येतं, येत नाही तेव्हा कॅन घेऊन कुठवर जावं लागतं, कॅन उचलून शेजारच्या सुनेचा गर्भ कसा पडला, हे सगळं सांगत राहिल्या. मी ऐकत होते. टॅब्लेटवर "इतर" एवढंच दिसत होतं.

"घरात शेवटचा शब्द पुरुषाचा असावा, हे तुम्हाला पटतं का?"

मावशींनी खिडकीकडे पाहिलं. मग पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "नाही पटत."

"काय म्हणाली?" काका दारातच उभे. "अगं पोरी, घर चालवायचं तर कुणीतरी एकानं…"

मी उठून त्यांना अंगणाच्या टोकापर्यंत सोडून आले. परत येते तोवर मावशी शालीत तोंड घालून हसत होत्या. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदाच असं बोलल्या असाव्यात. अगदी शेवटी मी विचारलं, "तुमच्यासारख्या माणसाच्या मतानं देशाच्या कारभारात काही फरक पडतो का?"

हसू मावळलं. "नाही गं. काय फरक पडणार?"

निघताना त्यांनी गरम रोटी आणि हरीसाच्या तिखट लाल चटणीची वाटी कागदात बांधून दिली. "माझं बोलणं मोठ्या लोकांपर्यंत जाईल ना?" मी हो म्हणाले. माझी तशीच समजूत होती.

पुढच्या आठवड्यात निझारचा फोन आला. तो ट्युनिसच्या कचेरीत आमची कामं तपासतो.

"जौहरा, हन्शीर लहमरची त्या बाईंची मुलाखत बाद झाली."

"बाद? का?"

"टेपवर पुरुषाचा आवाज येतोय. तीन ठिकाणी."

"निझार, उत्तरं तिचीच आहेत. तू नीट ऐक. तो बोलला तरी ती तिचंच सांगत होती."

"मी ऐकलं. मला कळतंय. पण वरच्यांना कसं पटवू? नवरा शेजारी असताना बाई खरं बोलली हे कसं धरायचं, म्हणतात. तिच्या जागी दुसरं घर निघालंय, त्याच वस्तीत. उद्या उरकून टाक."

तो वाईट माणूस नाही. त्याचीही नोकरी कंत्राटी आहे.

दुसरं घर मागच्याच गल्लीतलं निघालं. तिथे एक तरुण मुलगा बिछान्यावर लोळत मोबाइल पाहत होता. त्यानं मान वर न करता सगळ्याला "अजिबात नाही" म्हणून सांगितलं. देश सोडण्याच्या प्रश्नाला मात्र "आजच" म्हणाला. मुलाखत झटक्यात आटोपली आणि आवाज स्वच्छ आला.

मी बाहेर पडून गल्लीच्या तोंडाशी आले आणि मावशींनी मला गाठलंच.

"जौहरा! अगं किती दिवस झाले तुझी वाट बघतेय. चल घरी."

"मावशी, गाडी निघेल माझी."

"निघू दे. मला माझं एक उत्तर बदलायचंय."

त्यांनी हाताला धरून मला घरात नेलं. काका अंगणात होते. मावशींनी दार लावून घेतलं, वर कडीही घातली. बाहेरून काकांनी एकदा दार ढकलून पाहिलं.

"ते शेवटचं विचारलं होतंस ना, फरक पडतो का म्हणून. मी नाही म्हणाले. पण मग ते डोक्यातून जाईना. कुणी विचारलं नाही म्हणून आपण सांगितलं नाही, असंही असेल की. मग मी गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि पाण्याचं सांगायला नगरपालिकेत गेले."

"तुम्ही?"

"मीच. जिंदगीत पहिल्यांदा. साहेब काही भेटले नाहीत. पण तिथल्या कारकुनानं मला बसायला खुर्ची दिली, माझं नाव विचारलं. अमक्याची बायको म्हणून नाही, माझं." त्यांनी कोळशावरची चहाची किटली उतरवली. "पाणी अजून आलेलं नाही. पण तू लिही, 'थोडा फरक पडतो.' जास्त नको लिहू. थोडा."

खोटं बोलून मोकळं होता आलं असतं. टॅब्लेट उघडायचा, कुठेतरी बोट टेकवायचं, झालं असं म्हणायचं. त्याऐवजी मी त्यांच्यासमोरच निझारला फोन लावला. एकच मुलाखत परत करू दे, या वेळी दार बंद आहे, कडी लावलीय, असं सांगितलं. पुरुषाचा आवाज येणार नाही म्हणाले. त्यानं मला बोलू दिलं. मग म्हणाला, "अगं, त्या मुलाची मुलाखत आत्ताच येऊन पोचली. वस्तीची संख्या पुरी झाली, फाइल बंद. माझ्या हातात काही नाही, जौहरा. खरंच नाही."

फोनचा आवाज मोठा होता. मावशींनी सगळं ऐकलं. उरलेलं, म्हणजे आधीची मुलाखत बाद का झाली ते, मी सांगितलं.

"म्हणजे मी काही बोललेच नाही, असं?"

"तुम्ही बोललात, मावशी. मी ऐकलं ना."

"तू ऐकलंस गं. पण तुझ्या हातात काय आहे?" हे त्या रागानं नाही म्हणाल्या, खरंच विचारत होत्या. काही नाही, अशी मी मान हलवली.

"मग माझ्या जागी कोण बोललं?"

"मागच्या गल्लीतला मुलगा. सुआदबाईंचा."

"तो?" त्या बघतच राहिल्या. "तो तर उठून पाण्याचा पेलासुद्धा घेत नाही."

त्यांनी चहा ओतला आणि माझ्या पेल्यात बदाम टाकले. मी दोन घोट घेतले. मग त्यांनी उठून कडी काढली. निरोप घेताना त्यांनी मला जवळ घेतलं. मोठ्या लोकांचं मात्र या वेळी काही विचारलं नाही.

गफ्साची शेअर टॅक्सी अजून भरली नव्हती. मी मागच्या सीटवर बसले तेवढ्यात लझरकाका धापा टाकत आले आणि खिडकीशी वाकले.

"माझ्यामुळे झालं म्हणे?"

मी काच आणखी खाली केली.

"मला काय ठाऊक, बाहेरून माझा आवाजही टेपवर जातो म्हणून. मी आपला तिला मदत…" चौकात भाषणं ठोकणारा माणूस टॅक्सीच्या दाराची रबरी पट्टी नखानं उकरत होता. "पोरी, ती काय काय म्हणाली गं? एवढं दार लावून?"

"मला सांगता येत नाही, काका. तुम्ही त्यांनाच विचारा."

"विचारलं. म्हणते, ते बाद झालं."

शेवटची सवारी आली आणि ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं. काका दोन पावलं मागे सरले. खाणीवरून येणारी राखाडी धूळ रस्त्यावर पसरली होती. तिच्यात ते हात लोंबते ठेवून उभे राहिले. घरी जावं की चहाच्या दुकानात, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. गाडी वळणावर गेली तेव्हाही ते तिथेच होते.