आरपार न दिसणारी काच

शरयूने दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची रुंदी पुन्हा मोजली आणि हातातला नकाशा टेबलावर आपटला. या मजल्याच्या सगळ्या खिडक्यांवर तीच निळी, आरपार न दिसणारी काच दाखवलेली होती.

इंदरगंजातल्या दोन सहकारी बँका एक झाल्या होत्या आणि नव्या बँकेला नवा चेहरा हवा होता. जुन्या भिंतीपुढे चार बोटं जागा सोडून काचेचं आवरण चढवायचं. पाऊस बाहेरच अडतो, भिंत कोरडी राहते. कल्पना झकास. पण नकाशे काढणारे भोपाळात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. कितीदा चूक कळवली तरी नकाशा जसाच्या तसा परत यायचा. आर्किटेक्ट म्हणून साइटवरची बोलणी मात्र शरयूच खात होती, आणि आता तिचं डोकं फिरलं होतं.

या मजल्यावर दोन जुन्या बँकांपैकी एकीचा हिशेब विभाग बसे. त्याचे प्रमुख दौलतसिंह. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसवणार का आम्हाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा शरयूनेच शब्द दिला होता, की खिडक्यांचं माझ्याकडे लागलं.

ती जिन्यात गेली आणि बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या कृष्णरावांना फोन लावला.

"साहेब, ही काच खांबापुढे लावतात, भिंतीपुढे लावतात. माणसं बसतात तिथं नाही लावत. एवढं तर कुणालाही कळतं."

कृष्णराव जराही चिडले नाहीत.

"बरोबर आहे, मॅडम. म्हणून तर तिथं लावली. त्या मजल्यावर आता कुणी बसणारच नाही."

शरयूने फोन बंद केला. इतके दिवस ती चूक शोधत होती आणि चूक नव्हतीच. तिला स्वतःचीच चीड आली.

आत विभागातल्या कुसुमताई खुर्चीवर चढून जुने पडदे काढत होत्या.

"झालं ना बोलणं? मी तर दौलतसिंहजींना म्हटलंच, मॅडम करवून घेतील. आता पडदे नवे लावू. रंग तेवढा तुम्ही सांगून द्या."

दौलतसिंह आपलं टेबल उजेडाकडे सरकवत होते.

शरयूने कुसुमताईंना हात दिला.

"ताई, आधी खाली उतरा. आणि दौलतसिंहजी, टेबल राहू द्या."

दौलतसिंहांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग टेबल सोडलं.

"कुठं पाठवतायत आम्हाला?"

तेवढं शरयूने विचारलंच नव्हतं.