पेन्सिलची फुली

मृणालिनी देवस्थळींना त्या दिवशी सकाळपासून कोणाला समजावून सांगायचं त्राण उरलं नव्हतं. वीस वर्षं कस्टम्सच्या केसेस लढून माणूस आतून घासला जातो. त्यात समोर मार्तंड परब बसलेले.

परब सहार विमानतळाच्या कार्गोत, आयात माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला. इम्पोर्टरच्या कागदांवर सह्या करायच्या, हे तीस वर्षांचं काम. ऑफिसातली मुलं सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली मारून गठ्ठा पुढे सरकवत, आणि परब फुली दिसली की सही ठोकत. दिवसाला शंभर कागद, वाचत कोण बसतो?

मग प्लास्टिकच्या खेळण्यांच्या खोक्यांत तळाला बंदी असलेल्या ई-सिगरेटी सापडल्या. इम्पोर्टर गायब झाला आणि परबांना समन्स आलं. तपास अधिकाऱ्याने नऊ पानी जबाब टाइप केला, प्रत्येक पानाखाली पेन्सिलची फुली मारली आणि कागद पुढे केले. परबांनी नऊ सह्या केल्या. सहाव्या पानावर लिहिलं होतं, ‘खोक्यांत काय आहे हे मला माहीत होते.’

कस्टम्सच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब पोलिसांपुढच्या जबाबासारखा नसतो, कोर्टात तो पुरावा म्हणून उभा राहतो. तो आज पाचच्या आत मागे घेतला नाही, तर उद्या अटक ठरलेली. हे सगळं सांगून मृणालिनीताईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. या वयात न वाचता सही करता? लाज नाही वाटत? घाटकोपरच्या पोटमाळ्यावरच्या त्यांच्या ऑफिसात पंखा कुरकुरत होता.

साडेतीनला जबाब मागे घेण्याचा अर्ज तयार झाला. ताईंनी बजावलं, की वाचल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही. परबांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि दुसऱ्या परिच्छेदाशी अडले.

“मॅडम, इथे लिहिलंय मला मारहाणीची धमकी दिली. कोणी दिली?”

ताईंनी कागद ओढून घेतला. दरवेळी जुना अर्ज उघडायचा, नाव-तारीख बदलायची, छापायचा. ते वाक्य कुणा दुसऱ्याच्या केसमधलं होतं आणि आजवर कितीजणांच्या अर्जात गेलं होतं कोण जाणे. त्यांना मनापासून लाज वाटली, तरी त्या म्हणाल्या,

“काका, राहू द्या ते. तेच वाक्य तुम्हाला वाचवेल.”

“त्या साहेबाने मला चहा पाजला हो. गोळीची वेळ झाली तर पाणी आणून दिलं. त्याचं पण घर असेल.”

“मग लिहू काय?”

“फुली होती तिथे सही केली. एवढंच खरं आहे.”

यावर सरकारी वकील काय हसेल, ते ताईंना ठाऊक होतं. परबांनाही ते सांगून झालं. त्यांनी मान डोलावली, म्हणणं मात्र बदललं नाही. ताईंनी ते वाक्य खोडलं, नवं टाइप केलं, कागद छापला आणि पुढे ठेवला. तोवर सव्वाचार झाले होते. पाचच्या आत फोर्टच्या कस्टम्स ऑफिसात पोचायचं होतं, म्हणून घाईत त्यांच्याच हाताने खाली पेन्सिलची फुली पडली.

परबांनी फुली पाहिली. पेन उचललं नाही. चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीखाली पुन्हा बोट ठेवलं.