आत्मचरित्रातली दीड ओळ

"दोन्ही घ्यायलाच हवीत का?" गिऱ्हाइकाने विचारलं. त्याच्या एका हातात एका प्रसिद्ध रॉकस्टारचं आत्मचरित्र होतं आणि दुसऱ्या हातात त्याच दिवशी दुकानात आलेलं त्याचं चरित्र.

माझं उत्तर पाठ आहे. पुस्तकांच्या दुकानात सोळा वर्षं उभा आहे मी. आत्मचरित्रात माणूस स्वतःला आवडतो तसा भेटतो, चरित्रात इतरांना दिसला तसा. एकच वाचलं तर अर्धाच माणूस कळतो, असं मी त्याला ऐकवलं. गिऱ्हाईक खूश होऊन दोन्ही घेऊन गेलं. मी मात्र पिशवी देताना सासऱ्यांचा विचार करत होतो. सकाळी चरित्राचा गठ्ठा फोडल्याफोडल्या मी त्यात त्यांचं नाव शोधलं होतं. दोनशे बाराव्या पानावर ते होतं.

माझे सासरे त्या रॉकस्टारच्या गिटारी लावायचे. कार्यक्रमाआधी एकेक खुंटी पिळून तारा सुरात आणायच्या, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. पुढची सगळी वर्षं त्यांनी ते आम्हाला सांगितलं. बॉस माझ्याशिवाय स्टेजवर पाऊल ठेवत नसे, बॉस म्हणायचा तुझा कान म्हणजे देवाची देणगी, असं रोज जेवताना चाले. मी कधी दुकानातलं काही सांगायला तोंड उघडलं की म्हणायचे, "तुमचं बरं आहे, जावईबापू. चुकीचं पुस्तक दिलं तर बदलून देता येतं. मी चुकलो असतो तर तीस हजार लोकांपुढे चुकलो असतो." यावर माझी बायको कौतुकाने हसायची. मी खाली मान घालून जेवायचो.

मग दोन वर्षांपूर्वी रॉकस्टारचं आत्मचरित्र आलं. पावणेपाचशे पानं. त्यात सासऱ्यांच्या वाट्याला दीड ओळ आली होती: 'माझ्या गिटारी कायम सुरात असायच्या. ज्या हातांनी हे केलं, त्यांच्या ऋणातून मी मोकळा होणार नाही.' नाव नाही. सासऱ्यांना ते इतकं झोंबलं की चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. रॉकस्टारच्या तिसऱ्या बायकोच्या कुत्र्यावर अख्खं पान होतं आणि कुत्र्याला नावही होतं, हे मीच त्यांच्या नजरेला आणून दिलं. तेवढी संधी मी सोडणार नव्हतो.

नंतर एक पत्रकार रॉकस्टारचं चरित्र लिहितोय असं कळलं, तेव्हा सासऱ्यांनी स्वतःहून त्याला फोन केला. तो दोन दुपारी घरी येऊन बसला. त्यांनी त्याला जपून ठेवलेले फोटो दिले, एक गिटार लावूनही दाखवली. आता सगळं बाहेर येईल, ते माझ्या बायकोला म्हणाले. त्या दिवसापासून पुस्तक आलं का, असा त्यांचा मला रोज दुकानात फोन यायचा.

त्या पानावर होतं ते असं. एका कार्यक्रमात सासऱ्यांच्या शेजारी स्पीकर फुटला आणि सुरांच्या बाबतीत त्यांचे कान कामातून गेले. आपल्याला थोडं कमी ऐकू येतं, एवढंच त्यांना वाटत राहिलं. पुढची अकरा वर्षं ते गिटारी लावून बाजूला झाले की साउंडवाला त्या गिटारी पडद्यामागे नेऊन यंत्रावर पुन्हा लावायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना कुणी सांगायचं नाही, अशी रॉकस्टारची सक्त ताकीद होती. पत्रकाराला हे स्वतः साउंडवाल्यानेच सांगितलं होतं. प्रकरणाचं नाव होतं 'मोठ्या मनाचा माणूस', आणि तो मोठ्या मनाचा माणूस अर्थातच रॉकस्टार होता. सासऱ्यांचं नाव मात्र या वेळी आडनावासकट छापलं होतं. शेवटी पत्रकाराने लिहिलं होतं: 'त्यांनी मलाही एक गिटार लावून दाखवली. मी मान डोलावली.'

वाचून मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याआधी बरं वाटलं, हेही खरं.

पुस्तक अजून आलं नाही असं मी सांगू शकलो असतो. आठवडाभरात विषय मागे पडला असता. पण मी संध्याकाळी ते घरी नेलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला.

"वाचण्यासारखं आहे का?"

"वाचाच, बाबा."

मागच्या नामसूचीत बोट फिरवून त्यांनी आपलं पान काढलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि काय लिहिलंय म्हणून विचारू लागली.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "नाव पूर्ण दिलंय." आणि पुस्तक मिटून फळीवर ठेवून दिलं. जेवताना ते बॉसबद्दल एक शब्द बोलले नाहीत. इतकी वर्षं ज्या शांततेची मी वाट पाहिली होती, ती अशी असेल असं वाटलं नव्हतं.

दर बुधवारी सासरे जवळच्या संगीत क्लासमध्ये मुलांच्या सहा गिटारी लावून द्यायला जातात. मी त्यांना स्कूटरवरून सोडतो आणि खालीच थांबतो. त्या बुधवारी ते मला वर चला म्हणाले. क्लासच्या बाई आतल्या खोलीत होत्या. सासऱ्यांनी सूर जुळवायचा पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटून जबड्याच्या हाडाला लावला, डोळे मिटले आणि एकेक गिटार लावली. सहाही झाल्यावर त्यांनी चौथी परत उचलली. तिच्या जाड तारेची खुंटी पूर्ण दोन वेढे उलटी फिरवली. तार लोंबायला लागली. ती फक्त मला दाखवून त्यांनी गिटार होती तिथे ठेवली आणि आपण चहा घेऊन येऊ म्हणाले.

तासाभराने परत आलो तेव्हा मुलं निघाली होती.

"आज कशा होत्या गिटारी?" त्यांनी बाईंना विचारलं.

"एकदम सुरात, काका. नेहमीसारख्या."

"चौथीसुद्धा?"

"चौथीसुद्धा."

त्यांनी चौथ्या गिटारीच्या जाड तारेवर बोट टेकवलं. तार ताठ होती. पुढच्या बुधवारी येताय ना, असं बाईंनी विचारलं. येतो की, बाईंकडे पाहत ते म्हणाले.

जिना उतरताना ते कठडा धरून थांबले.

"जावईबापू, ते पान तुम्ही आधी वाचलं होतं का?"

"नाही, बाबा."

त्यांनी मघाशी बाईंकडे पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पुढच्या बुधवारी मी स्कूटर काढली तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तयार होते. नादकाटा फळीवर त्या दोन पुस्तकांशेजारी तसाच पडला होता. मी म्हटलं, "बाबा, काटा राहिला."

"राहू द्या," ते म्हणाले. "बाई आहेत की."